चिंचोक्याचं मडकं

फार फार जुनी गोष्ट आहे. तेव्हाही समुद्राचं पाणी आजच्याइतकंच खारट होतं आणि माणसंही आजच्याइतकीच शहाणी होती. मुलांनो, ही गोष्ट तुमच्यासाठी आहे. पण घरातली मोठी माणसं जवळ बसली असतील, तर त्यांनाही उठू देऊ नका.

समुद्राकाठी एक राज्य होतं. त्या राज्यात, खाडीच्या तोंडाशी, जहाजं बांधायची एक गोदी होती. गोदीच्या मधोमध चिंचेचं एक जुनं झाड होतं. झाडाच्या बुंध्याशी दगडी चौथरा होता आणि चौथऱ्यावर एक मडकं ठेवलेलं असायचं. मडक्याचं तोंड इतकं अरुंद, की मूठ कशीबशी आत जावी. तळाशी वाळूचा जाड थर.

या मडक्याची एक रीत होती. रोज दिवस मावळताना प्रत्येक टोळीचा मुकादम मूठ मिटून यायचा, हात मडक्यात घालायचा आणि रिकामा करून बाहेर काढायचा. कामात सगळं ठीक असेल, तर त्याने कवडी टाकायची. कुठे काही चुकलं असेल, मनाला खटकत असेल, तर चिंचोका टाकायचा. तळाला वाळू अशासाठी, की काय पडलं ते आवाजावरूनही कुणाला कळू नये. सगळ्यांच्या शेवटी गोदीचा कारभारी आपली मूठ रिकामी करायचा आणि मग सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मडकं सुपात उपडं करायचा.

सगळ्या कवड्या निघाल्या, तर दुसऱ्या दिवशी काम चालू. एक जरी चिंचोका निघाला, तर हातोडा उचलायचा नाही. सगळ्यांनी मिळून दोष शोधायचा, तो काढायचा, मगच पुढची फळी ठोकायची. चिंचोका कुणाचा, हे मात्र कधीच विचारायचं नाही.

आणखी एक रीत होती. नव्या जहाजाच्या पहिल्या सफरीत कारभाऱ्याच्या घरचं एक माणूस बसायचं. ज्या जहाजात आपलं माणूस बसवायची भीती वाटते, ते जहाज लोकांना द्यायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

गोदीचा म्हातारा कारभारी थकला, तेव्हा त्याने आपल्या हाताखाली तयार झालेल्या माणसाला चौथऱ्याजवळ बोलावलं आणि त्याच्या डोक्यावर पागोटं ठेवलं.

"हे मडकं फुटलं तर दुसरं आण," म्हातारा म्हणाला. "मडक्यात काही नाही, माती आहे. पण चिंचोका टाकणारा हात एकदा घाबरला, की तो बाजारातून आणता येत नाही. तेवढं सांभाळ."

नव्या कारभाऱ्याने वाकून नमस्कार केला. म्हाताऱ्याचा शब्द त्याने मनात जपून ठेवला. पण जपून ठेवलेल्या वस्तू पुष्कळदा वापरायच्या राहून जातात.

नवा कारभारी वाईट माणूस नव्हता. कामात वाकबगार होता. त्याने कधी कुणाला शिवी दिली नाही, कुणावर हात उगारला नाही. एकच खोट होती. वरच्या माणसाच्या कपाळावर पडलेली आठी त्याला बघवत नसे. ती पुसण्यासाठी तो काहीही कबूल करून बसे.

त्याला एकुलती एक लेक होती. खाडीच्या समोर दूरवर एक बेट दिसायचं, तिथे तिला दिली होती. त्या वर्षी ती पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. संध्याकाळी तो गोदीतून घरी आला, की लेक विचारायची, "बाबा, आज काय निघालं? कवड्या की चिंचोका?" हा प्रश्न ती लहानपणापासून विचारायची. आणि तो तिला खरं उत्तर द्यायचा.

बेटावर जायला तेव्हा नुसत्या लहान होड्या होत्या. वारा फिरला, की त्या उलटायच्या. दरवर्षी कुणा ना कुणाच्या घरात रडारड व्हायची. म्हणून राजाने एक मोठं जहाज बांधायला सांगितलं. शंभर माणसं, त्यांचं सामान, धान्य, पाण्याचे रांजण, सगळं एका खेपेला बेटावर पोचवील असं. राजाचा हेतू चांगलाच होता. त्याने भरपूर मुदतही दिली होती. दोन पावसाळे जाऊ देत, म्हणाला होता.

पण दसरा झाला आणि राजा एक दिवस घोड्यावरून गोदीत आला.

"कारभारी, जहाज येत्या गुढीपाडव्याला पाण्यात जायला हवं. शेजारचे राजे आमच्याकडे पाहुणे म्हणून येणार आहेत. त्यांना दाखवायचं आहे. होईल ना?"

खरं उत्तर 'नाही' हे होतं. ते कारभाऱ्याच्या जिभेवर आलंही. पण त्याला उत्तर द्यायला क्षणभर उशीर झाला आणि तेवढ्यात राजाच्या कपाळावर एक बारीक आठी उमटली.

"होईल, महाराज," कारभारी म्हणाला.

आठी पुसली गेली. राजा घोडा वळवून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी लाकडाच्या टोळीचा मुकादम डोकं खाजवत आला. हा माणूस जन्मभर लाकडात वावरलेला, बोलायला मंद आणि स्वभावाने भित्रा.

"कारभारी, पाडवा म्हणता, पण लाकूड कुठाय? खाडीच्या चिखलात दोन पावसाळे मुरावं, मग सावलीत वाळावं, तेव्हा कुठे लाकडाची फळी होते. मुरलेलं लाकूड जहाजाच्या खालच्या अर्ध्या अंगापुरतंच आहे."

"मग खाली मुरलेलं लावा, वर ओलं लावा," कारभारी म्हणाला. "वरचं अंग पाण्याबाहेरच तर असतं."

"जहाज रिकामं असताना असतं," मुकादम हळूच म्हणाला.

कारभाऱ्याने ऐकलं. पण ऐकलंच नाही असं दाखवून तो पुढे निघून गेला. मग मुकादमाने आपल्या माणसांना ओली झाडं चिरायला सांगितलं.

काम जोरात सुरू झालं. करवती वाजू लागल्या, राळेच्या कढया उकळू लागल्या. सुरुवातीला मडक्यातून चिंचोका निघाला, तो एका खिळ्यांच्या रांगेसाठी होता. खिळे वाकडे गेले होते. रीतीप्रमाणे काम थांबलं, दोष सापडला, रांग पुन्हा ठोकली. पण त्या दिवसांत राजाचा माणूस येऊन गेला आणि गोदी शांत बघून म्हणाला, "काय कारभारी, झोपलात काय सगळे?"

तो हसतच म्हणाला होता. पण कारभाऱ्याला ती थट्टा रात्रंदिवस टोचत राहिली.

त्याने एक युक्ती काढली. त्याला ती फार प्रेमळ युक्ती वाटली. तो सगळ्यांना म्हणाला, "ज्या दिवशी मडक्यातून नुसत्या कवड्या निघतील, त्या दिवशी सगळ्यांना गूळ-खोबरं. माझ्याकडून."

माणसं खूश झाली. दिवसभर राबलेल्या जिभेला गूळ गोडच लागतो. रोज संध्याकाळी गुळाची ढेप फोडली जाऊ लागली, आणि खोबऱ्याचे तुकडे चघळत माणसं घरी जाऊ लागली.

आणि मग एका संध्याकाळी सुपात, पांढऱ्या कवड्यांच्या मधोमध, एक तपकिरी चिंचोका येऊन पडला.

फोडलेली ढेप तशीच झाकली गेली. कुणीतरी मागून पुटपुटलं, "झालं! आज कुणाला गूळ नको झालाय?"

कारभाऱ्याच्या डोळ्यांसमोर पाडवा उभा राहिला. राजाची आठी उभी राहिली. आणि गोदीत आजवर कुणी विचारला नव्हता तो प्रश्न त्याच्या तोंडून निघाला.

"कुणाचा हो हा?"

त्याने रागाने विचारलं नाही. हसून विचारलं. पण विचारलं.

"माझा," गर्दीतून आवाज आला. "त्यात चोरायचं काय?"

ती सांधेवाली मावशी होती. दोन फळ्यांच्या मधल्या फटीत पीळ दिलेला कापूस ठोकून वर राळ ओतायचं काम बायकांची टोळी करायची. मावशी त्या टोळीची मुकादम. तिच्या जिभेचा घाव तिच्या हातोडीपेक्षा जड होता आणि तिला कारभाऱ्यापासून कुत्र्यापर्यंत सगळे भीत.

"वरच्या अंगाला ओल्या फळ्या ठोकताय, कारभारी. ओली फळी म्हणजे भिजलेलं धोतर. आज गुडघ्याखाली, वाळलं की गुडघ्यावर! मी आज फट भरीन, पण उन्हाळ्यात फळी आखडली, की माझा कापूस वाऱ्यावर उडेल. मग काय फटीत माझा पदर कोंबू?"

माणसं हसली. कारभारीही हसला. पण त्याचे कान गरम झाले होते.

"मावशी, दमलात तुम्ही," तो म्हणाला. "डोळ्यांना त्रास होतो ना हल्ली? उद्यापासून तुमची टोळी पलीकडच्या काठावर दोर वळायला जाईल. सावलीतलं काम आहे. इथे मी दुसरी माणसं लावतो."

मावशीने त्याच्याकडे टक लावून बघितलं.

"शिक्षा करताय का, कारभारी?"

"छे छे! शिक्षा कसली? आराम म्हणतोय मी."

"मग शिक्षाच करा," मावशी म्हणाली. "ती निदान ओळखू तरी येते."

ती गेली. ओल्या फळ्यांचं काय, हे कुणी पुन्हा विचारलं नाही. त्या संध्याकाळी लेकीने घरी विचारलं, "बाबा, आज काय निघालं?"

"कवड्या," कारभारी म्हणाला.

लेकीशी तो बोललेलं हे पहिलं खोटं.

त्यानंतर मडक्यातून कधीच चिंचोका निघाला नाही. कारभाऱ्याने कुणाला दटावलं नव्हतं. कुणाला दम दिला नव्हता. त्याला वाटलं, काम खरंच चांगलं चाललंय. माणसाला जे हवं असतं ते त्याला लवकर खरं वाटतं.

राजा पुन्हा आला. जहाजाच्या सांगाड्यावर वरपर्यंत फळ्या चढलेल्या बघून त्याचे डोळे चमकले. मडकं त्याच्यासमोर उपडं केलं. शुभ्र कवड्यांची रास पडली.

"एकही दोष नाही?" राजाने विचारलं.

"एकही नाही, महाराज."

राजाने आपल्या हातातलं सोन्याचं कडं काढून कारभाऱ्याच्या हातात घातलं. सगळ्यांनी जयजयकार केला. लाकडाचा मुकादमही हात वर करून ओरडला. फक्त त्याचे डोळे जमिनीवर होते.

फाल्गुन आला. ऊन तापू लागलं. चिंचेच्या झाडाला शेंगा लगडल्या, पिकल्या, टपटप गळू लागल्या. पूर्वी माणसं येता-जाता शेंगा फोडून खायची आणि चिंचोके कनवटीला लावायची. आता कुणी वाकत नव्हतं. झाडाखाली चिंचोक्यांचा सडा पडला होता आणि त्यावरून पायांचा करकर आवाज करत माणसं कवड्या टाकायला जात होती.

एका दुपारी, सगळे जेवायला बसलेले असताना, कारभारी एकटाच जहाजाच्या बाजूने शिडीवर चढला. वरच्या फळ्यांवर राळेचा काळा पट्टा गुळगुळीत चमकत होता. त्याने त्यावरून प्रेमाने बोट फिरवलं. बोट एका जागी थबकलं. त्याने नख दाबलं.

नख आत गेलं. नख गेलं, बोटाचं पेरही गेलं. राळेची नुसती साय वर उरली होती. खाली कापूस सुटला होता, फळी आकसून मागे सरली होती. त्याने पुढच्या सांध्यावर बोट दाबलं. त्याच्या पुढच्या. त्याच्याही पुढच्या.

तो शिडीवरून खाली उतरला.

आता काय करावं? राजाला सांगावं? पाहुण्या राजांना आमंत्रणं गेली होती. गुढ्यांचे बांबू आले होते. हातातलं कडं जड लागू लागलं. विचार करता करता त्याला मडकं आठवलं, आणि बुडत्याला काडी दिसावी तसं झालं.

आज चिंचोका निघाला तर? एक, फक्त एक निघाला तर? मग तो राजाला सांगू शकेल, 'महाराज, मी काय करू? रीत आहे. काम थांबवावंच लागेल.' दोष त्याने सांगायलाच नको. दोष मडकं सांगेल.

त्या संध्याकाळी तो चौथऱ्यावर उभा राहून सगळ्यांना म्हणाला, "बाबांनो, पाडवा जवळ आला. कुणाच्या मनात काही असेल, तर मोकळेपणाने टाका हो. मी काही म्हणणार नाही."

माणसांनी एकमेकांकडे बघितलं. मावशीशीही तो असाच गोड बोलला होता.

एकेक मुकादम पुढे आला. एकेक मूठ आत गेली, रिकामी होऊन बाहेर आली. लाकडाच्या मुकादमाची मूठ मडक्यात जरा जास्त वेळ राहिली. टाक रे बाबा, कारभारी मनात म्हणाला. तुझ्या पाया पडतो, टाक.

शेवटी त्याची स्वतःची पाळी आली. त्याच्या उजव्या मुठीत कवडी होती. डाव्या मुठीत झाडाखालून उचललेला चिंचोका होता. कुणाला कळणार नव्हतं. तळाला वाळू होती. तरी त्याला वाटलं, कळेल. कुठून तरी राजाला कळेल. आणि इतक्या जणांतून एखाद्याने तरी टाकला असेलच की! लाकडाच्या मुकादमाने तर नक्कीच. मग आपण कशाला?

त्याने उजवा हात मडक्यात घातला.

मग मडकं सुपात उपडं केलं. सगळ्या कवड्या. एकही चिंचोका नव्हता.

त्याने मान वर केली. समोर सगळे मुकादम उभे होते आणि कुणीही सुपाकडे बघत नव्हतं. सगळे त्याच्याकडे बघत होते. लाकडाच्या मुकादमाच्या डोळ्यांत पाणी होतं. तेव्हा कारभाऱ्याला कळलं, की ज्याला त्याला ठाऊक आहे. जो तो दुसऱ्याच्या चिंचोक्याची वाट बघत होता, त्याच्यासारखाच.

गूळ वाटला गेला. त्या दिवशी तो कुणी खाल्ला नाही. तळहातावर वितळू दिला.

पाडव्याच्या आधी जहाज रिकामंच पाण्यात सोडून बघितलं. ते हंसासारखं तरंगलं. खालचं मुरलेलं अंग पाण्यात, वरचं ओलं अंग पाण्याबाहेर. एक थेंब आत आला नाही. माणसांनी टाळ्या पिटल्या. कारभारीही क्षणभर सुखावला. कदाचित उगीच घाबरलो, त्याने स्वतःला सांगितलं. स्वतःला फसवणाऱ्याला साक्षीदार फार लवकर मिळतात.

पाडव्याची सकाळ उजाडली. दारोदारी गुढ्या उभ्या राहिल्या. कारभाऱ्याच्या घरी लेक बोचकं बांधत होती. तिचं बाळ पाळण्यात हातपाय हलवत होतं. पहिल्या सफरीला कारभाऱ्याच्या घरचं माणूस म्हणून तीच जाणार होती. तिचं सासरही तिकडेच. नवरा बेटाच्या किनाऱ्यावर वाट बघत असणार.

"राहतेस का महिनाभर अजून?" कारभारी दारात उभा राहून म्हणाला. "बाळ कोवळं आहे. समुद्राचा वारा वाईट."

"कालपर्यंत तर तुम्हीच म्हणत होतात, माझ्या जहाजातून जायचं म्हणून!" लेक हसली. मग तिने त्याचा चेहरा बघितला आणि तिचं हसू थांबलं. तिने बोचक्याची गाठ मारता मारता अर्धवट ठेवली.

"बाबा, जहाजात काही आहे का?"

सगळं त्या एका प्रश्नावर येऊन थांबलं होतं. ती त्याची लेक होती. तिला काही टोळी नव्हती, तिला कुणी गूळ दिला नव्हता, तिच्याकडून राजाला काही कळणार नव्हतं. पण ती थांबली असती, तर काठावर जमलेल्या सगळ्या गोदीला दिसलं असतं, की कारभाऱ्याने आपलं माणूस मागे ठेवलं. आणि मग एकही पाय त्या जहाजावर पडला नसता. शेजारचे राजे बघत असताना.

"नाही गं," तो म्हणाला. "काय असणार? काही नाही."

"मग झालं तर," लेक म्हणाली आणि तिने गाठ घट्ट मारली.

खाडीच्या काठावर जत्रा भरली होती. राजा आणि पाहुणे राजे छत्राखाली बसले होते. जहाजावर माणसं चढली, बायका चढल्या, पोरं चढली. धान्याची पोती गेली, पाण्याने भरलेले रांजण गेले. प्रत्येक ओझ्यागणिक जहाज जरा जरा खाली बसत होतं. कारभारी काठावर उभा राहून राळेच्या त्या काळ्या पट्ट्याकडे बघत होता. पट्टा पाण्यापासून हातभर वर होता. मग वीतभर. मग चार बोटं. आणि शेवटचा रांजण चढला, तेव्हा पट्टा पाण्याखाली गेला.

आता ओरडावं, असं त्याला वाटलं. तोंड उघडलंही. तेवढ्यात नौबत झडली आणि शीड वाऱ्याने फुगलं.

जहाज खाडीच्या तोंडापर्यंत छान गेलं. बाहेरच्या मोठ्या लाटेने त्याला हलवलं, तसं ते एका कुशीवर कललं. परत सरळ व्हायला हवं होतं. ते झालं नाही. काठावरचे लोक अजून हात हलवत होते. कुणाला तरी वाटलं, जहाज पाहुण्यांना मुजरा करतंय. मग वाऱ्यावरून आवाज आला आणि हलणारे हात तसेच हवेत राहिले.

फार वेळ लागला नाही. मुलांनो, त्यात काय काय झालं ते मी सांगत नाही. मोठ्यांना ते सांगायला नको.

पलीकडच्या काठावर दोर वळणारी मावशीची टोळी सगळ्यांत आधी धावली. बायका मिळतील त्या होड्यांत बसल्या आणि आपणच वळलेले दोर पाण्यात फेकू लागल्या. ज्यांच्या हाती दोर लागला, ती माणसं वाचली. पण दोर थोडे होते आणि हात फार होते.

कारभाऱ्याची लेक वाचली. मावशीने तिला केसांना धरून होडीत ओढलं. तिच्या कमरेला शेला बांधलेला होता, आणि शेला रिकामा होता.

दुसऱ्या दिवशी राजाने वाळूवरच न्याय मांडला. पाहुणे निघून गेले होते. राजाचा चेहरा एका दिवसात म्हातारा झाला होता.

"दोष कुणाचा?" त्याने विचारलं. "मडक्यातून तर कवड्याच निघत होत्या!"

लाकडाचा मुकादम थरथरत खाली बसला. शिपायांनी त्याला धरलं. सगळ्यांना बरं वाटलं. कुणीतरी सापडलं, की बाकीच्यांना नेहमीच बरं वाटतं.

कारभारी पुढे झाला. त्याने हातातलं सोन्याचं कडं काढून वाळूवर ठेवलं. त्याच्याशेजारी एक चिंचोका ठेवला.

"त्याला सोडा, महाराज. हा चिंचोका माझा आहे. फाल्गुनात टाकायचा होता, आज टाकतोय. त्याने मला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. मावशीने सांगितलं, तिला मी हाकललं आणि त्या हाकलण्याला आराम म्हटलं. पुढे कुणी काही सांगितलं नाही. कवड्या त्यांनी टाकल्या, पण त्यांच्या मुठीत त्या मी ठेवल्या होत्या."

"मग मला का नाही सांगितलंस?" राजा ओरडला. "मी थांबलो असतो!"

"थांबला असता का, महाराज?"

राजाच्या कपाळावर आठी पडली. कारभाऱ्याने पहिल्यांदाच ती नजर न हलवता बघितली. आठी बराच वेळ राहिली आणि मग आपोआप विरली. राजाने मान खाली घातली.

"ठाऊक नाही," राजा म्हणाला. "आज वाटतं, थांबलो असतो. तेव्हाचं ठाऊक नाही."

मागे उभी असलेली मावशी तेव्हा बोलली. तिच्या जिभेला आज धार नव्हती.

"मलाही शिक्षा करा, महाराज. मी एकदा टाकला आणि रुसून बसले. रोज टाकायला पाहिजे होता."

राजाने कुणालाच फाशी दिली नाही. बुडालेली माणसं तेवढ्याने वर येणार नव्हती. कारभाऱ्याचं पागोटं उतरवलं गेलं, आणि ती शिक्षा सगळ्यांना हलकी वाटली. ती हलकी नव्हती. कारण तो घरी गेला, तेव्हा लेक ओसरीवर बसली होती. ती रडत नव्हती. पाळण्याची दोरी उगीच बोटाला गुंडाळत होती.

तिने मान वर केली आणि एवढंच म्हणाली, "बाबा, मी विचारलं होतं."

चार दिवसांनी नवरा तिला न्यायला आला. लहान होडीत बसून ती बेटावर निघून गेली. जाताना तिने मागे वळून बघितलं की नाही, हे कारभाऱ्याला कधीच कळलं नाही. त्याला मान वर करता आली नव्हती. ती पुन्हा माहेरी आली नाही.

गोदी बंद पडली नाही. बेटावर माणसं राहत होती, तेव्हा जहाज लागणारच होतं. राजाने मावशीला मडक्याची राखण दिली आणि मुदत पुन्हा दोन पावसाळ्यांची केली. त्याने स्वतःसाठीही एक नियम केला. महिन्यातून एकदा तो गोदीत यायचा, चौथऱ्यापाशी उभा राहायचा आणि मडकं उपडं व्हायची वाट बघायचा. ज्या दिवशी चिंचोका निघायचा, त्या दिवशी गूळ-खोबरं वाटलं जायचं. पहिल्यांदा तो गूळ घ्यायला कुणी हात पुढे केला नाही. पहिला तुकडा मावशीने घेतला, आणि तोही तिने खाल्ला नाही. खाडीच्या पाण्यात सोडला.

पागोटं उतरलेला तो जुना कारभारी गोदीच्या दाराशी बसू लागला. त्याला कुणी बसवलं नव्हतं आणि कुणी उठवलंही नाही. चिंचेखालचे चिंचोके तो वेचून आणायचा, धुवायचा, पुसायचा. सकाळी कामाला येणाऱ्या प्रत्येक मुकादमाच्या हातावर एकेक ठेवायचा. एकदा एक नवा मुकादम त्याला म्हणाला, "आजोबा, काम चांगलं चाललंय. आज चिंचोका नाही लागायचा."

"न लागो," जुना कारभारी म्हणाला. "पण मुठीत असू दे."

तो म्हातारा झाला, त्याचे डोळे गेले, तरी त्याची बोटं चिंचोका बरोबर ओळखायची. आणि दर पाडव्याला, गुढ्या उभ्या राहिल्या, की तो खाडीकाठी जाऊन एक चिंचोका पाण्यात टाकायचा. पाणी तो घ्यायचं. उत्तर द्यायचं नाही.

बोध: ज्या कामावर दोष सांगणाऱ्याला भ्यावं लागतं, त्या कामाचा दोष शेवटी माणसांचे जीव घेऊन बोलतो.